देवीच्या सरीवर घेतलेला श्वास

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून कुणी हे वाचत असेल, तर आधी घोटभर पाणी प्या, मग वाचा. मीही अशीच बसले होते. तेव्हा मला कुणीतरी साध्या बोलीत सांगायला हवं होतं की बाई, यातून माणसं बाहेर येतात. डॉक्टर सांगतात ते खरंच असतं, पण त्यातलं निम्मं इंग्रजीत असतं आणि उरलेलं निम्मं आपल्याला घाबरल्यामुळे ऐकू येत नाही.

माझी शाळा चौथीला सुटली. पुढचं वाचन फुलं बांधायच्या रद्दीवर झालं. म्हणून जशी बोलते तशी लिहिते, चुकलं तर चालवून घ्या.

आजारी होते माझे धाकटे दीर, विलास. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते एवढेसे होते, सहा वर्षांचे. पण दीर म्हणजे दीर. "भावजी, चड्डी घाला," असं मी म्हणायची आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या लवकर गेल्या. मग भावजींना न्हाऊ घालण्यापासून नवरदेव करण्यापर्यंत सगळं माझ्याच हातून झालं. आमचे हे गेले, तेव्हापासून घरात मी, भावजी, त्यांची बायको मंदा आणि त्यांचा मुलगा निखिल. निखिल नाशिकात नोकरीला. आमचं गाव विल्होळीच्या बाजूला, मुंबई-आग्रा रस्त्यापासून थोडं आत. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे फुलं तोडायची आणि उजाडायच्या आत नाशिकच्या फुलबाजारात पोचवायची, हे भावजींचं काम.

थंडीत आमच्या शेतावर धुकं उतरतं. माणूस दिसत नाही, नुसता झेंडूचा पिवळा उजेड खालून वर आल्यासारखा वाटतो. त्या धुक्यातून आधी भावजींचा खोकला यायचा आणि मग भावजी. त्या वर्षी खोकला यायचा आणि मागून भावजी यायला वेळ लागायचा. मी बांधावर उभी राहून वाट बघायची. मला वाटायचं, धुकं दाट झालंय.

घोसाळ्याची जाळी

नाशिकच्या डॉक्टरांनी काळा फोटो उजेडावर धरला. घोसाळं वेलावर वाळलं की आत जाळी राहते ना, तसं दिसत होतं. मंदा म्हणाली, "हे यांचं आहे?" जणू दुसऱ्या कुणाचं असेल तर बरं.

डॉक्टर तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. म्हणाले, फुप्फुसं कडक होत चालली आहेत. औषधानं वेग कमी होईल, पण मागे फिरणार नाही. पुढेमागे बदलावी लागतील.

भावजींनी विचारलं, "म्हणजे ट्रॅक्टरचं इंजिन बदलतो तसं?"

"जवळपास तसंच."

"मग जुनंच बघावं लागेल. नवीन कोण देतं?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हो. जुनंच असतं. कुणाचं तरी."

मग मुंबईच्या मोठ्या दवाखान्याचं सांगितलं आणि खर्चाचा आकडा सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि वाचणाऱ्याचा जीव उगाच दडपतो. एवढंच सांगते की ऐकल्यावर निखिलने भिंतीकडे बघितलं आणि भावजींनी निखिलकडे.

येताना आम्ही रस्त्यात मिसळ खाल्ली. आजही मला समजत नाही, आम्ही त्या दिवशी मिसळ कशी खाल्ली. भावजींनी वर तर्री मागून घेतली.

नळीच्या लांबीएवढं घर

उन्हाळ्यात घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याचा एक आवाज असतो, लांबवर कुणाचं तरी दळण चालू असल्यासारखा. पहिले दिवस त्यानं झोप लागेना, नंतर तो थांबला की झोपेतून जाग यायची. वीज गेली की सिलिंडर लावायचा. मंदा त्या कामात इतकी तरबेज झाली की भाकरी थापता थापता उठून लावून यायची, तव्यावरची भाकरी करपायची नाही.

नाकात नळी, नळी मशीनला. जिथवर नळी पुरते तिथवर भावजींचं जग. ओट्याच्या कडेपर्यंत पुरायची. ते तिथे खुर्ची टाकून शेताकडे बघत बसायचे. त्या दिवसांची मला वेगळी अशी आठवण नाही, सगळे एकात एक मिसळलेत. दुपार व्हायची, सावली ओट्यावरून भिंतीवर चढायची, मी वाती वळत बसायची, मध्येच डोळा लागायचा. स्वप्नात ते लहान असायचे, विहिरीकडे धावत सुटलेले, आणि मी मागून ओरडायची, "भावजी, हळू." जाग आली की ते समोर खुर्चीत, आणि हळूच बसलेले.

बोलणं तुटक झालं होतं. दोन शब्द, मग श्वास. तरी चेष्टा सुटली नाही.

"वहिनी, तुम्ही घोरता," ते म्हणायचे. थांबायचे. "मशीनपेक्षा."

फेटा बांधून काढलेला फोटो

थोडीफार शिल्लक होती, मंदाचं सोनं होतं, माळावरचा एक तुकडा विकला. त्यात काही भागेना. निखिल म्हणाला, मोबाइलवर मदतीचं पान काढू, लोक परगावाहून, परदेशातूनही देतात. त्यासाठी भावजींचा फोटो आणि थोडं बोलणं लागणार होतं.

भावजी आत गेले. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, लग्नातला फेटा काढून मंदाकडून बांधून घेतला. नळी काढून खिशात ठेवली आणि छान हसून बसले.

"आप्पा, नळी लावा," निखिल म्हणाला. "आजारी दिसायला पाहिजे ना."

"का रे? फोटो जगभर जाणार ना? मग नीट दिसायला नको?"

"असा फोटो बघून कोण पैसे देईल? लोकांना वाटेल पोराचं लग्न आहे."

"तर मग आहेर करतील."

निखिल रडकुंडीला आला. आम्हाला खरंच कळत नव्हतं हो. आमच्याकडे फोटो काढायचा म्हणजे चांगलं दिसायचं. पडलेल्या माणसाचा फोटो कोण काढतं? शेवटी तोच फोटो गेला. मदत आली, पण तुरळक. ज्यांनी आम्हाला कधी पाहिलं नाही अशा लोकांनी पाठवली, त्यांना माझा हात जोडून नमस्कार. पण मुंबईचे डॉक्टर म्हणत होते, नाव फुप्फुसांच्या यादीत घालायचं तर पैशांची अर्धी तरी तयारी हवी आणि उशीर करू नका. वजन उतरत चाललं होतं. फार उतरलं तर शरीराला ऑपरेशन झेपत नाही. मागाहून पैसे जमूनही उपयोग नसतो.

नाना ओट्याखाली उभे राहिले

आमच्या शिवारात एक रीत आहे. झेंडू लावताना उगवतीकडची पहिली सरी वणीच्या सप्तशृंगीच्या नावाने लावायची. सरीच्या तोंडाला काठी रोवून तांबडं फडकं बांधायचं. त्या सरीचं फूल विकायचं नाही, डोक्यात माळायचं नाही, वास घ्यायला नाकाशी धरायचं नाही. नवरात्रात सगळ्यांच्या त्या सऱ्या एकदम तोडतात आणि टेम्पो भरून फुलं गडावर जातात. कितीही भाव चढो, त्या सरीला कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

शेजारच्या बाळूनानांशी आमचं बोलणं बंद होतं. पाटाच्या पाण्यावरून भांडण, जुनं. ते एक दिवस संध्याकाळी आले आणि ओट्याखालीच उभे राहिले.

"कोण हाय का घरात?"

"या नाना, वर या," मी म्हटलं.

"बसाया नाय आलो. इलासशी बोलाया आलोय."

भावजी म्हणाले, "भांडायचं असेल... तर थांबत थांबत... भांडावं लागेल नाना."

"भांडू. लय वेळ हाय भांडायला. आधी धड हो." नाना खाली बघत बोलत होते. "औंदा देवीची सरी तुझ्या नावानं तोडणार हाय मी. दसऱ्याच्या बाजारात. सांगून ठेवतो, मागून नको म्हणू नको."

मंदा दारात होती, ती पुढे आली. "नाना, नका हो असं करू. देवीचं आहे ते."

"देवीचंच हाय. मी काय माझं देतोय? मी आपला मधला हमाल."

आणि ते गेले. चहासुद्धा घेतला नाही. नानांनी केलं म्हटल्यावर पुढच्या चार दिवसांत सगळं शिवार येऊन सांगून गेलं, आमचीही सरी धरा, आमचीही धरा.

आणि घरात अबोला शिरला. मंदाचं म्हणणं, देवीच्या तोंडचं काढून घेतल्यावर ती बरं करेल का. आजार वाढला तर आपणच ओढवून घेतला असं होईल. निखिल चिडला, "काकू, तुम्ही तरी सांगा आईला." मी कुणाला काय सांगू? माझंही मन धजत नव्हतं. भावजींना विचारलं तर म्हणाले, "गडावर फुलं... पायाखाली येतात वहिनी. मी बघितलंय." मग बराच वेळ दम घेत राहिले. "पण मंदाच्या मनाविरुद्ध नको."

गडावर

मी कुणाला न सांगता एसटीने वणीला गेले. नांदुरीहून वर चढताना ढग खिडकीतून आत येत होते, गाडीतल्या बायकांचे चेहरे पुसट व्हायचे आणि पुन्हा उमटायचे. मला वाटलं मी झोपेतच चालले आहे. पायऱ्या चढायचं वय राहिलं नाही, म्हणून डोंगरावर ओढत नेणाऱ्या गाडीत बसून वर गेले.

वाटेत मनात जुळवलं होतं काय बोलायचं ते. समोर गेल्यावर सगळं विसरले. एवढी मोठी आई, अठरा हातांची, मान किंचित कललेली, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. मी म्हटलं, आई, तुझी फुलं आम्ही घेतोय. परत करीन असा नवस मी बोलत नाही, कारण माझ्याच्यानं काय होईल ते मलाच माहीत नाही. राग धरायचा तर माझ्यावर धर. तो पोर आहे.

पन्नाशीचा माणूस, आणि मी पोर म्हणाले.

तेवढ्यात मागून रांग रेटली आणि दाराशी उभी असलेली पोलीसबाई म्हणाली, "मावशी, चला, पुढे चला."

मी तेच उत्तर धरलं. घरी येऊन मंदाला सांगितलं, "मी विचारून आले. पुढे चला म्हणाली." कोण म्हणाली ते मी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. तिनं नुसतं माझ्या पदरातलं खोबरं घेतलं, एक तुकडा भावजींच्या तोंडात घातला आणि भांडी घासायला गेली.

दसऱ्याच्या बाजारात सगळ्यांच्या देवीच्या सऱ्या उतरल्या. त्या फुलांनी भरलेल्या जाळ्यांना तांबडी चिंधी बांधलेली. निखिल सांगत होता, एरवी पैशापैशाला अडणारे व्यापारी चिंधी बघून भाव पाडत नव्हते. एकानं तर घेतलेली जाळी तिथेच पुन्हा विकायला ठेवली, तिचेही पैसे धरा म्हणाला. भावजी घरी खुर्चीत बसून फोनवर नुसता बाजाराचा गलका ऐकत होते, डोळे मिटून. हिशोब विचारलाच नाही.

यादीत नाव लागलं.

वाट बघण्याची लाज

दिवाळीनंतर आम्ही मुंबईत खोली घेतली, दवाखान्यापासून जवळ. बोलावलं की लगेच पोचायला हवं असतं. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, पण संध्याकाळी खारट वारा यायचा आणि मला वाटायचं आपण कुठल्यातरी होडीत बसलोय. मशीनची घरघर, खाली रिक्षा, आणि तिघं जण एका फोनकडे बघतायत.

हे लिहायचं की नाही असं झालं होतं, पण लिहिते, कारण तुमच्याही मनात येईल. फोन वाजावा असं वाटायचं, आणि फोन वाजायचा म्हणजे कुणाच्या तरी घरात माणूस जायला हवा. देवाजवळ मागायचं तरी काय? मी हात जोडायची आणि काहीच न बोलता सोडायची. दवाखान्यातल्या मदतनीस मॅडमना मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही मागितल्यानं कुणी जात नाही. जाणारा गेल्यावर त्याच्या घरच्यांनी तेवढ्या दुःखात हो म्हटलं, तरच तो फोन येतो." त्यानं लाज गेली नाही, पण ती घेऊन जगता यायला लागलं.

पहिल्यांदा बोलावलं तेव्हा एका दुपारी सगळी तयारी झाली, भावजींच्या अंगावर हिरवे कपडे चढले, आणि मग सांगितलं, आलेली फुप्फुसं चांगली नाहीत, घरी जा. परतताना भावजी म्हणाले, "माल... पास झाला नाही." मंदा रिक्षात रडली आणि रडता रडता हसली.

दुसऱ्यांदा सकाळी, मी चहात आलं किसत होते तेव्हा. चहा तसाच राहिला. आत नेताना भावजींनी माझे पाय धरायला हात खाली सोडला, पण स्ट्रेचर उंच होतं. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "भावजी, हळू," एवढंच तोंडातून आलं.

फुप्फुसं देणारं कोण होतं ते आम्हाला सांगत नाहीत. त्या दिवशी कुठल्यातरी घरात चूल पेटली नसेल. मी दवाखान्यात काही खाल्लं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआपच झालं.

ऑपरेशननंतर काचेपलीकडे भावजी कितीतरी दिवस झोपेत आणि जागेपणात हेलकावत होते. नळी निघाल्यावर गुंगीत बाजार करायचे. "चला, झेंडू बोला, ताजा माल." शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला शेवंतीचा भाव सांगायचे. सिस्टर हसून म्हणायची, "आजोबा, माझ्यासाठी एक गजरा बाजूला ठेवा." आणि एकदा मी काचेतून बघितलं, त्यांची छाती वर झाली, खाली आली, कसलीच ओढाताण नाही. पाळण्यातलं मूल झोपतं तशी. मी बघतच राहिले.

थोडं कामाचं

मंदासारखी जी बाई दिवसरात्र करते आहे, तिला कुणीतरी जबरदस्तीने झोपवा. पेशंटसमोर पैशांची बोलणी टाळा, त्यांना नाही सांगितलं तरी कळतंच. कुणी मदत देऊ केली तर आधी नाही म्हणायची सवय आपल्याला असते, ती सोडा. आणि जेवणात मीठ कमी झालं म्हणून घरात भांडण होईल, ते मिठाचं नसतं.

आणखी एक. घरी सोडायच्या आधी मदतनीस मॅडमनी पथ्यं सांगितली. मास्क, उकळलेलं पाणी, वेळेवर गोळ्या. मग म्हणाल्या, "फुलं जवळ नकोत. कुंडी नको, माती नको, शेतात काम नको. बुरशीचा धोका असतो."

भावजी म्हणाले, "मॅडम, आमचा धंदाच फुलांचा."

"आता तो दुसऱ्यांनी करायचा काका. तुम्ही लांबून बघायचा."

ते बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "बघू. बघायला तरी मिळतंय."

रस्त्याच्या पलीकडे

निखिलने नाशिकच्या इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं, भाड्याने. आम्ही थेट तिकडेच जाणार होतो. पण भावजी म्हणाले, गाडी गावावरून जाऊ द्या, मी उतरणार नाही, नुसतं बघीन.

कसारा घाट चढून इगतपुरीला आलो तेव्हा ढग रस्त्यावर बसले होते. मंदाने सहज गावात स्पीकरवर फोन लावला. पलीकडून नानांच्या सूनबाई आनंदाने सांगू लागल्या, या लवकर, सगळं गाव जमलंय, फाट्यापासून घरापर्यंत कमानी केल्यात, नानांनी आपला अख्खा गुलाब तोडलाय, विलासभाऊंच्या वाटेवर पायघड्या घातल्यात फुलांच्या.

मंदाने फोन माझ्याकडे धरला. पथ्याचं गावात कुणाला सांगितलंच नव्हतं. आमच्याच डोक्यात आलं नाही. फुलं पिकवणारी माणसं आणखी कशानं स्वागत करणार होती?

मी फोन घेतला. "नानांना दे." मग म्हटलं, "नाना, ऐकून घ्या. विलासभावजींना आता फूल चालत नाही. एकही नाही. नवीन फुप्फुसाला बाधतं."

मागे ढोलकी वाजत होती, ती थांबल्याचं मला ऐकू आलं.

"किती येळ हाय तुम्हाला यायला?" एवढंच त्यांनी विचारलं.

घोटीला मी मुद्दाम गाडी थांबवली, चहा घेतला, उगाच वेळ काढला. भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही दुसरा चहा कधीपासून घ्यायला लागलात?" मी म्हटलं, गार होता पहिला.

फाट्यावर आलो. कमानीचे नुसते बांबू उभे होते. गावाकडचा रस्ता झाडलेला, वर पाण्याचा सडा, ओल्या डांबरावर एक पाकळीसुद्धा नाही. मग कळलं, फुलं ट्रॉलीत भरून पार ओढ्यापलीकडे नेऊन ओतली होती, बायकांनी डोक्यातले गजरेही काढून टाकले होते. सगळं गाव हमरस्त्याच्या पलीकडच्या कडेला रांगेत उभं. कुणाच्या हातात काही नाही. हात कुठे ठेवायचे ते कुणाला कळत नव्हतं. नानांनी आपले हात पाठीमागे धरले होते. हात साबणानं घासले तरी झेंडूचा वास जात नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं.

भावजी मास्क नीट करून खाली उतरले. गाडीला धरून नाही, तसेच. रस्ता मध्ये होता, वाहनं जात होती. सगळे त्यांच्या छातीकडेच बघत होते, खरं सांगते.

भावजींनी एकवार सगळ्यांकडे बघितलं आणि एका दमात, मोठ्यानं, ट्रकच्या आवाजावरून म्हणाले, "नाना, गुलाब कशाला तोडला सगळा? लग्नसराईत काय विकणार आता, काटे?"

नानांनी पाठीमागचे हात पुढे घेऊन डोळे पुसले आणि मग ओरडले, "तुला काय करायचंय रं? माझा गुलाब हाय."

"पाटाचं पाणी आमचं होतं त्याला."

"बघा, आला की भांडाया."

पलीकडे हसू फुटलं. मंदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती. ते दोघं रस्त्याच्या दोन बाजूंनी भांडत राहिले, मध्ये एखादा टँकर गेला की थांबायचे, गेला की पुन्हा सुरू. भावजी दम घ्यायला कुठेच थांबले नाहीत.